घरी सोडण्यापूर्वी पाच मिनिटं

सव्वीस दिवसांचं बाळ. जन्माच्या वेळी वजन २ किलो ८०० ग्रॅम, आता २ किलो ७५०. आई सांगत होती, ‘अंगावर घेतलं की दोन मिनिटं ओढतो, मग सोडून देतो. कपाळाला नुसता घाम. परत रडतो.’ मधल्या काळात दोन दवाखाने झाले होते आणि दोन्हीकडे छातीत कफ म्हणून अँटिबायोटिक दिलं होतं. तिसऱ्या डॉक्टरांना हृदयाची शंका आली. त्यांनी मोठ्या माणसांचा इको (ध्वनिलहरींनी घेतलेलं हृदयाचं हलतं चित्र) जिथे होतो तिथे पाठवलं. तिथला रिपोर्ट सोबत होता: वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, बाकी सगळं नॉर्मल.

मी जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवते. गार जेल छातीला लागलं की बाळ दचकतं, आणि रडणाऱ्या बाळाचा इको नीट होत नाही. आईला उशाशी बसवलं, साखरपाण्याचा थेंब बाळाच्या जिभेवर सोडला, खोलीतला दिवा मालवला. पडद्यावर हृदयाची उजवी बाजू फुगलेली, डावी चेपलेली. डाव्या वरच्या कप्प्याची मागची भिंत कोरी. फुप्फुसांकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार शिरा तिथे उघडताना दिसायला हव्यात, एकही दिसेना. मग प्रोब, म्हणजे इकोच्या यंत्राचं अंगावर टेकवायचं टोक, गळ्याच्या खळगीत ठेवला. महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून शरीराकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीच्या, शेजारून एक जाड शीर वर चढत होती, लालभडक. (हा लाल म्हणजे शुद्ध रक्त नव्हे. प्रोबच्या दिशेने येणारं रक्त यंत्र लाल दाखवतं आणि दूर जाणारं निळं. आईबाप लाल रंग पाहून सुखावतात, त्यांना दर वेळी हे समजावून सांगावं लागतं.) निरोगी हृदयात त्या जागी वर चढणारी शीर नसते. चारही शिरा एकत्र येऊन भलत्याच वाटेने उजव्या कप्प्यात रिकाम्या होत होत्या. रिपोर्टातलं छिद्र खरं होतं. पण डाव्या बाजूला रक्त पोचायला तेवढी एकच वाट होती, आणि बाळ त्या छिद्राच्याच जिवावर जगत होतं.

पायाला ऑक्सिमीटर लावला. रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्के. बाळ निळं दिसत नव्हतं. सावळ्या रंगाचं, जरा किरकिरं, हडकुळं बाळ, एवढंच दिसत होतं.

शस्त्रक्रिया झाली, बाळ वाचलं. पण फुप्फुसं आधीच भरलेली, त्यात जंतुसंसर्ग, त्यामुळे रुग्णालयातून घरी जायला चाळीस दिवस लागले. बाप टेम्पो चालवतो. त्या चाळीस दिवसांत टेम्पो उभा होता.

हा ८६चा आकडा सव्वीस दिवस कुणाला दिसला नाही, कारण कुणी तो बघितलाच नव्हता. बाळ दवाखान्यात जन्मलं, तीन दिवस तिथेच होतं, वजन झालं, लसी झाल्या, आणि हातापायाला ऑक्सिमीटर न लागता घरी गेलं. माझं म्हणणं असं की महाराष्ट्रात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची ही तपासणी घरी सोडण्यापूर्वी झालीच पाहिजे. सरकारी दवाखाना असो वा खासगी नर्सिंग होम, ती कुणाच्या आवडीवर किंवा आठवणीवर ठेवता कामा नये. तिची नोंद डिस्चार्ज कार्डावर हवी आणि त्या नोंदीशिवाय डिस्चार्ज देऊ नये.

तपासणी म्हणजे काय, तर बाळ चोवीस तासांचं झालं की उजव्या हाताच्या तळव्याला आणि कोणत्याही एका पायाला ऑक्सिमीटरची मऊ पट्टी गुंडाळायची आणि आकडा स्थिर होऊ द्यायचा. दोन्हीकडे ९५ किंवा त्याहून जास्त आणि हात-पायातला फरक ३ किंवा त्याहून कमी असला तर घरी जा. ९०च्या खाली असेल तर लगेच डॉक्टर आणि लगेच इको. मधलं काही असेल तर तासाभराने पुन्हा. सुई नाही, रक्त नाही, आईच्या मांडीवर होतं. बाळ शांत असेल तर पाच मिनिटं पुरतात. उजवाच हात का? तिथे जाणारं रक्त बाळ पोटात असताना उघडी असलेली नळी लागण्याआधीच वेगळं होतं, पायाकडे जाणारं रक्त त्या नळीच्या पुढून जातं. दोन आकड्यांतल्या फरकातून त्या नळीत काय चाललंय ते कळतं.

याच नळीमुळे घाई करावी लागते. पोटातल्या बाळाची फुप्फुसं कामाला लागलेली नसतात, म्हणून निसर्गाने फुप्फुसाची धमनी आणि महारोहिणी यांना जोडणारी एक आडवाट ठेवलेली असते. जन्मानंतर एक ते तीन दिवसांत ती बहुतेक बाळांत बंद होते. काही जन्मजात हृदयरोगांत बाळाचं जगणं याच वाटेवर अवलंबून असतं. ती उघडी आहे तोवर बाळ गोंडस, दूध पिणारं, सगळ्यांना बरं वाटणारं. आपण बाळंतिणीला घरी सोडतो तेही नेमकं तिसऱ्या दिवसाच्या सुमारास. बाळ घरी पोचतं, पाळणा सजतो आणि वाट बंद व्हायला लागते. वेळेवर कळलं तर प्रोस्टाग्लँडिन नावाचं औषध थेंबाथेंबाने देऊन ही वाट उघडी ठेवता येते, बाळाला शस्त्रक्रियेच्या ठिकाणापर्यंत नेता येतं. १९७०च्या दशकापासून हे औषध वापरात आहे. ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि देताना बाळाचा श्वास थांबू शकतो म्हणून शेजारी माणूस लागतो. पण औषध द्यायचंय हे आधी कुणाला तरी कळायला हवं.

डोळ्यांनी ते कळत नाही. ऑक्सिजनचं प्रमाण ८०-८५च्या खाली गेल्याशिवाय निळेपणा अनुभवी डोळ्यालाही नीट दिसत नाही. त्यात आपल्याकडची सावळी त्वचा, वॉर्डातला पिवळट दिवा, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. स्टेथोस्कोपही फसवतो, कारण सगळ्यात गंभीर आजारांपैकी काहींत दुसऱ्या दिवशी कसलाही आवाज येत नाही. मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. त्या तालुक्याच्या ठिकाणी बाळ तपासणारे डॉक्टर हुशार होते, त्यांच्या हातात साधन नव्हतं.

दर हजार जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. त्यातल्या बऱ्याच जणांना कधीच काही होत नाही, लहान छिद्रं आपोआप बुजतात. साधारण पाचातल्या एकाला पहिल्या वर्षातच उपचार लागतात. म्हणजे वर्षाला हजार बाळंतपणं करणाऱ्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयातून दर वर्षी अशी दोनेक बाळं बाहेर पडतात, आणि त्या रुग्णालयाला बहुधा त्यांचा पत्ताही लागत नाही, कारण बाळ दगावतं ते घरी, आणि न्यूमोनियाने गेलं असंच समजलं जातं. मेळघाटात धाप लागलेल्या बाळाच्या पोटाला तापल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. त्या बातम्या आल्या की आपण अंधश्रद्धेवर बोलतो, बोलायलाच हवं. पण ते बाळ धापा का टाकत होतं, हा प्रश्न तितक्या जोराने विचारला जात नाही.

अमेरिकेत ही तपासणी २०११मध्ये नवजात बाळांच्या शिफारस केलेल्या चाचण्यांच्या यादीत आली. काही राज्यांनी ती सक्तीची केली, काहींनी ऐच्छिक ठेवली, काहींनी काहीच केलं नाही. त्यामुळे तुलना करायची संधी आपोआप मिळाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की जिथे सक्ती होती तिथे गंभीर जन्मजात हृदयरोगाने होणारे लहान बाळांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ऐच्छिक ठेवलेल्या राज्यांत असा ठळक फरक दिसला नाही. ‘सूचना काढू, ज्यांना जमेल ते करतील’ असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि आपल्याला बाळं शोधत फिरायचंही नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. हे यश आशाताई, एएनएम, सिस्टर यांनी वीस वर्षं घासून मिळवलेलं आहे. बाळ आपल्या हाताखालून जातंय. साधनाचीही ओळख आहे. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत हेच ऑक्सिमीटर घेऊन पथकं घरोघर फिरली होती. बोटाला चिमट्यासारखं लावायचं ते यंत्र नवजात बाळाला चालत नाही, ते तळव्यावर बसत नाही आणि आकडा खोटा दाखवतं. बाळासाठी गुंडाळायची पट्टी आणि ती जोडता येणारं बरं यंत्र लागतं. एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, ते असतंच. प्रसूती कक्षाशेजारी आणखी एक ठेवणं सरकारला जड नाही.

आता माझ्याच व्यवसायातले लोक जो आक्षेप घेतात त्याकडे येते. ते म्हणतात, शोधून काढाल, पण पुढे काय? इको कोण करणार? शस्त्रक्रिया कुठे होणार? आईबापांच्या गळ्यात एक रोगाचं नाव बांधून त्यांना मुंबई-पुण्याच्या वाटेला लावणार? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. मी स्वतः अशा आयांसमोर बसले आहे.

पण महाराष्ट्र आज अगदी रिकाम्या हाताने बसलेला नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. जन्मजात हृदयरोग त्याच्या यादीत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुलांच्या हृदयाच्या बऱ्याच शस्त्रक्रिया बसतात. मुंबईत महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत, मुलांचं वाडिया रुग्णालय आहे, खारघरला मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत करणारं सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. पैशाची दारं पूर्ण उघडी नसली तरी किलकिली आहेत. त्या दारापर्यंत मूल पोचतं केव्हा, यावर सगळं अडतं. बाल स्वास्थ्यची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. त्यांनी शोधलेली मुलं मी रोज पाहते आणि त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण अंगणवाडीत सापडणारं मूल हे पहिले महिने तगून आलेलं मूल आहे. जे तगलं नाही त्याची नोंद पथकाच्या वहीत होत नाही.

मग सापडलेल्या मुलांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी टू-डी इकोचं शिबिर लागतं. मीही शिबिरांना जाते. सकाळी नऊपासून रांग, एका दिवसात साठ-सत्तर मुलं, फलक, हार, फोटो. शिबिर कधी घ्यायचं हे पुरेशी मुलं जमली का, डॉक्टर मोकळे आहेत का, पाहुण्यांची तारीख मिळाली का यावर ठरतं. चार वर्षांच्या मुलीच्या छिद्रासाठी महिनाभर थांबलं तर फार बिघडत नाही. ज्याच्या दोन्ही महाधमन्या अदलाबदल होऊन निघालेल्या आहेत त्या बाळाची शस्त्रक्रिया मात्र सहसा पहिल्या दोन-चार आठवड्यांत व्हावी लागते. त्यानंतर डाव्या कप्प्याची ताकद उतरते आणि तो साऱ्या शरीराला रक्त पुरवण्याचं काम पेलू शकत नाही. अशा बाळाला शिबिराची तारीख देणं म्हणजे नकार देण्यासारखंच आहे.

म्हणून ऑक्सिमीटरच्या मागे दुसरी गोष्ट लागते: प्रत्येक जिल्ह्यात बाळाचा इको करू शकणारा एक माणूस, रोज उपलब्ध. यंत्रापेक्षा मी माणसावर जोर देते. यंत्रं येतात, उद्घाटनं होतात. पण मोठ्यांच्या छातीसाठीचा प्रोब तीन किलोच्या बाळावर ठेवला तर बारीक शिरा दिसत नाहीत, आणि दिसल्या तरी कुठे बघायचं हे शिकलेलं नसेल तर डोळा त्यांच्यावरून घसरून जातो. वर सांगितलेला रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर मोठ्यांच्या हृदयात मुरलेले असतील. बाळाचं हृदय वेगळं वाचावं लागतं, सुट्या सुट्या तुकड्यांत: कोणती शीर कुठून आली, कोणता कप्पा कुठे जोडला गेलाय, कोणती धमनी कोणत्या कप्प्यातून निघाली आणि पुढे तिला फाटे कसे फुटले. हे वाचन एसएनसीयूतल्या बालरोगतज्ज्ञाला काही महिन्यांत शिकवता येतं. बारीकसारीक निदान त्याने करावं अशी अपेक्षा नाही. ‘हे नॉर्मल नाही’ एवढं ओळखून क्लिप पुढे पाठवली की पलीकडे बसलेली माझ्यासारखी कुणीतरी दहा मिनिटांत सांगू शकते की प्रोस्टाग्लँडिन चालू करा आणि बाळ हलवा.

इकोचं यंत्रही सोनोग्राफीसारखंच, म्हणून इथे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचा विषय निघतोच. गर्भाचं लिंग दाखवू शकणारं प्रत्येक यंत्र नोंदवावं लागतं आणि फिरत्या यंत्रांवर कडक बंधनं आहेत. महाराष्ट्राने असा कायदा देशाच्या आधी, १९८८मध्ये केला आणि आपल्या काही जिल्ह्यांत मुलींचं प्रमाण कुठवर घसरलं होतं ते पाहता मी त्याच्या पूर्ण बाजूची आहे. त्यात पळवाट नको. पण एसएनसीयूच्या नावावर रीतसर नोंदलेलं, त्या खोलीतून न हलणारं एक यंत्र कायद्यात बसतं. त्यासाठी लागतो तो अर्ज, पाठपुरावा आणि एक जबाबदार सही.

आपल्या विद्येचा इतिहासही हेच सांगतो. बाल्टिमोरच्या बालहृदयतज्ज्ञ हेलन तॉसिग यांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्या बाळांच्या छातीवर हात ठेवून हृदयाची थरथर ओळखत, आणि क्ष-किरणांच्या हलत्या चित्रात कप्प्यांचे आकार तासन् तास बघत. निळ्या बाळांना फुप्फुसाकडे जाणारं रक्त कमी पडतंय हे त्यांनी असं बघून बघून ओळखलं, आणि मग २९ नोव्हेंबर १९४४ला शल्यचिकित्सक आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी फुप्फुसाकडे जादा रक्त वळवणारी पहिली शस्त्रक्रिया केली, मागच्या स्टुलावर उभे राहून त्यांचे प्रयोगशाळेतले साहाय्यक व्हिव्हियन थॉमस पावलोपावली सांगत होते. पुढे १९५३मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदयाची पहिली नोंद घेतली. यंत्र त्यांनी उसनं आणलं होतं, धातूतल्या भेगा शोधायचं. नीट दिसलं तेव्हा मार्ग निघाला.

केरळने २०१७मध्ये ‘हृद्यम’ सुरू केलं. बाळात दोष सापडला की त्याची नोंद एका सामाईक ऑनलाइन यादीत होते, बालहृदयतज्ज्ञ ती पाहून ठरवतात की कोणाला आज हलवायचं आणि कोण थांबू शकतं. सरकारी रुग्णालयात जागा नसेल तर ठरवून दिलेल्या खासगी रुग्णालयात, खर्च सरकारचा. २०२०च्या नोंदींनुसार केरळमध्ये हजार जन्मांमागे ६ अर्भकं दगावत होती, आपल्याकडे १६. हा सगळा फरक हृद्यममुळे पडला असं कुणीही म्हणणार नाही, केरळची शाळा, रस्ते, दवाखाने यांची पुण्याई जुनी आहे. पण न्यूमोनिया आणि जुलाब यांनी जाणारी बाळं कमी झाली की उरलेल्या मृत्यूंत जन्मजात दोषांचा वाटा वाढत जातो. केरळला ते आधी दिसलं. आपण त्या टप्प्यावर येतोय. केरळ लहान आहे हे खरं, मग पाच जिल्ह्यांपासून सुरुवात करा.

खोट्या घंटा फार वाजतील अशी भीती काही जण घालतात. चोवीस तासांनंतर केली तर दोन हजार निरोगी बाळांमागे एखादंच बाळ उगाच अडकतं, आणि त्या अडकलेल्यांतही पुष्कळांना जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनिया निघतो, म्हणजे अडकले ते बरंच झालं.

ही तपासणी सगळं पकडत नाही, हे मात्र मोकळेपणाने सांगते. चारातलं एक गंभीर बाळ तिच्यातून सुटू शकतं. गडद त्वचेवर यंत्र थोडं चढं वाचतं, ती चिंता वेगळीच. माझ्या हातून सुटलेलं एक बाळ मी विसरलेली नाही. दुसऱ्या दिवशीचा इको मी स्वतः केला होता. ती आडवाट अजून रुंद उघडी होती, महारोहिणीचा बाक मला बरा वाटला, मी नॉर्मल लिहिलं. वाट बंद झाल्यावर आठवड्याने पुन्हा दाखवा, हे सांगायचं राहून गेलं. अकराव्या दिवशी ते बाळ आलं तेव्हा पाय गार पडले होते, रंग राखेसारखा. जांघेत नाडी लागत नव्हती. वाट बंद होताना महारोहिणी तिथेच आवळली गेली होती. ते बाळ वाचलं नाही. ऑक्सिमीटरमध्येही ते पास झालं असतं. त्या दिवसापासून मी शिकवायला उभी राहिले की पहिली गोष्ट सांगते: बाळाच्या जांघेत दोन्हीकडे बोट ठेवा आणि नाडी लागेपर्यंत काढू नका. आशाताई घरी जातात तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन करतात, श्वास मोजतात. पिताना घाम येतो का, मधेच सोडून देतं का, हे दोन प्रश्न त्यांच्या अर्जात घातले तर सुटलेली काही बाळं तिथे सापडतील.

आणखी एक गोष्ट, जी मला आकड्यांपेक्षा जास्त टोचते. ‘मुलगी आहे, छातीवर व्रण राहील, पुढे कसं होणार’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय याची मोजदाद नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. तोच आजार असलेल्या मुलग्यांची शस्त्रक्रिया जितक्या प्रमाणात झाली होती, त्यापेक्षा मुलींची खूपच कमी. उशिरा सापडणाऱ्या मुलीबाबत घरात चर्चा करायला वेळ मिळतो, आणि ती चर्चा बहुतेकदा तिच्या विरोधात जाते. दुसऱ्या दिवशी, आई-बाप दोघं दवाखान्यातच असताना, डॉक्टर समोर उभे असताना ते कळलं तर निर्णय वेगळा होतो, हा माझा अनुभव आहे.

त्या सव्वीस दिवसांच्या बाळाच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. सिस्टरांचं अक्षर सुंदर आहे. जन्मवेळ, वजन, डोक्याचा घेर, शी-शू झाली, बीसीजी दिली, पोलिओचा शून्य डोस दिला, कावीळ ब दिली, व्हिटॅमिन के दिलं. प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि सही, एकही रकाना रिकामा सोडलेला नाही. त्या कार्डावर ‘उजवा हात’ आणि ‘पाय’ असे दोन रकाने असते तर त्या सिस्टरांनी तेही भरले असते.